शनिवार-रविवारसाठी भाड्याने जुनी स्पोर्ट्स कार : ई-टाइप घ्यावी की एमजीबी?

रेडिंगवासिनी

नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस आहे. सांगलीच्या घरी त्याच्या कपाटाच्या दाराला आतून जॅग्वार ई-टाइपचे एक चित्र चिकटवलेले होते आणि त्यासाठी त्याने वर्ष संपायच्या आत भिंतीवरचे कॅलेंडर कापले होते, हे सासूबाई अजूनही सांगतात. आम्हाला इंग्लंडमध्ये येऊन सोळा वर्षे झाली, पण ती गाडी रस्त्यात दिसली की आजही तो बोलता बोलता थांबतो. म्हणून त्याला काहीही न सांगता एका शनिवार-रविवारसाठी अशी गाडी भाड्याने घ्यावी आणि कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांच्या भागात एक रात्र राहून यावे, असा माझा बेत आहे.

चौकशी केल्यावर दोन पर्याय समोर आले. १९६०च्या दशकातील ई-टाइपचे दोन दिवसांचे भाडे साधारण ९०० पौंड सांगितले, तर एमजीबी रोडस्टर ही दोन आसनांची उघडी गाडी ४०० पौंडांच्या आत मिळते आहे. दोन्हींसाठी अनामत रक्कम वेगळी. मला गाड्यांतले फारसे कळत नाही, त्यामुळे या दोन गाड्यांत ५०० पौंडांइतका फरक खरोखर आहे का, जुनी गाडी घेताना काय विचारून घ्यावे आणि कोणत्या रस्त्यांनी फिरावे, हे अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

तिसरा_गिअर

पन्नाशीच्या नवऱ्याला साठीची गाडी! दोघांपैकी कोणाची कंबर आधी धरते, ते आल्यावर अवश्य कळवा.

कोव्हेंट्रीकर

ताई, ज्या गावात ही गाडी जन्मली त्या गावात मी तीस वर्षे राहतो आहे, त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नये. मार्च १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा तिथे आलेल्या वार्ताहरांना आणि गिऱ्हाइकांना चालवून दाखवायला एक गाडी पुरेना. म्हणून कंपनीने कोव्हेंट्रीतल्या आपल्या चाचणीचालकाला, नॉर्मन ड्यूइस यांना, दुसरी गाडी घेऊन रातोरात निघायला सांगितले आणि ते सकाळी जिनीव्हात हजर झाले. गाडीचा आकार ठरवणारे माल्कम सेयर विमानांच्या उद्योगातून आले होते आणि स्वतःला स्टायलिस्ट म्हणवून घ्यायला तयार नसत, कारण ती वळणे त्यांनी गणिताने काढली होती. ताशी १५० मैलांचा दावा करणारी ही गाडी त्या वेळी सुमारे २,१०० पौंडांना मिळत होती आणि तेवढ्या वेगाच्या इतर गाड्यांना त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडत. तुमच्या यजमानांनी कॅलेंडर कापले यात नवल नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही एक ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात ठेवली आहे.

आता चालवण्याविषयी. ई-टाइप घेणारच असाल, तर ३.८ लिटरची की ४.२ लिटरची, हे आधी विचारा. ऑक्टोबर १९६४ पूर्वीच्या ३.८ लिटरच्या गाडीचा गिअरबॉक्स संथ आणि हट्टी आहे, तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू गेलात तर दाते करकरतात. ४.२ मध्ये गिअरबॉक्स बदलला, आसने सुधारली आणि ब्रेकही अधिक विश्वासाचे झाले. रसिक लोक ३.८ ची महती गातात, पण ते लोक शनिवारी सकाळी पहिल्यांदा गाडी हातात घेऊन दुपारी स्टो-ऑन-द-वोल्डच्या बाजाराच्या गर्दीत शिरणारे नसतात.

आणखी एक सांगतो. ड्रायव्हरच्या समोर बॉनेट इतके लांब पसरलेले असते, की आडवा रस्ता दिसण्याआधी गाडीचे नाक त्या रस्त्यावर गेलेले असते. दोन्ही बाजूंना झुडपांच्या उंच भिंती असलेल्या अरुंद रस्त्यांवर याचा पहिल्या दिवशी बराच ताण येतो.

निळी_छत्री

माझे मत थोडे वेगळे आहे. ९०० पौंड भाडे, वर अनामत, वर महागडे पेट्रोल आणि हे सगळे अशा गाडीसाठी, जिला दुपारी रहदारीत उभे केले की इंजिनाच्या तापमानाचा काटा आपल्या रक्तदाबासारखा चढू लागतो. माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी १९८९ मध्ये आली ती याच जुन्या इंग्रजी गाड्यांचा गुण घेऊन आणि त्यांचे दुखणे मागे ठेवून. तिचे भाडे निम्म्याहून कमी पडेल, ती किल्ली फिरवताच सुरू होईल आणि पाऊस आला तर बसल्या जागेवरून हात मागे नेऊन टप ओढता येईल. वाढदिवस आनंदात जावा हा उद्देश असेल, तर रस्त्याच्या कडेला मदतीची गाडी येण्याची वाट पाहण्यात तो कशाला घालवायचा?

घाटमाथा

निळी_छत्री यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, पण ज्याने कॅलेंडर कापले त्याला एमएक्स-५ भेट देणे म्हणजे पुरणपोळी मागणाऱ्याला उत्तम प्रतीची ब्रेड देण्यासारखे आहे.

आम्ही दोघांनी तीन वर्षांपूर्वी एमजीबी दोन दिवस भाड्याने घेतली होती, त्यामुळे त्या गाडीविषयी अनुभवाने लिहितो. एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली आणि पाच लाखांहून अधिक विकली गेली. १,८०० सीसीचे साधे, दणकट इंजिन आहे. त्यातला वेग आजच्या कोणत्याही कौटुंबिक हॅचबॅकपेक्षा कमी आहे, परंतु जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून, डोक्यावर आभाळ आणि कानाशी वारा घेऊन ताशी ४५ मैलांनी वळण घेताना आपण ७० ने जात आहोत असे वाटते. मला तर हा त्या गाडीचा सर्वांत मोठा गुण वाटला, कारण परवाना शाबूत राहतो.

सुरुवातीचा अर्धा तास मात्र मी घाबरलो होतो. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे गाडी उभी असताना चाक वळवायला दंड लागतात, म्हणून ती किंचित हलती ठेवूनच वळवायची. आमच्या गाडीच्या ब्रेकला सर्वोची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची, मदत नव्हती, त्यामुळे नेहमीच्या सवयीने पाय हलकेच टेकवला तर काहीच झाले नाही असे वाटते. पाय पूर्ण जोर लावून दाबायचा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायचे, एवढे पथ्य पाळले की जमते.

आता दुखण्याची गोष्टही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी नॉन्टनजवळच्या एका चढावर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. भाड्याने देणाऱ्या माणसाला फोन केला. त्याने शांतपणे विचारले, ‘किल्ली फिरवल्यावर मागून टिकटिक ऐकू येते का?’ येत नव्हती. या गाडीचा इंधनाचा पंप विजेवर चालतो, तो मागच्या बाजूला असतो आणि त्यातले विजेचे टोक कधीकधी अडकते. त्याच्या सांगण्यावरून मी मागच्या चाकाजवळ वाकून पंपावर स्पॅनरच्या मुठीने दोन-तीनदा हलकेच ठोकले आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली. हा उपाय त्याला इतका तोंडपाठ होता, की पंप बदलण्याऐवजी तो गिऱ्हाइकांनाच शिकवत असावा. तरीही सांगतो, त्या दोन दिवसांतली हीच एक गोष्ट आमची मुले अजून पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

जुना_चेतक

ज्याने थंडीच्या सकाळी बजाजची स्कूटर तिरकी करून, चोक ओढून, देवाचे नाव घेऊन किक मारली आहे, त्याला एमजीबीचे काहीही अवघड वाटणार नाही. फक्त ती तिरकी करायला जाऊ नये.

कोव्हेंट्रीकर

चोकचा उल्लेख झाला ते बरे झाले. गाडी तापल्यावर चोक पूर्ण आत ढकलायला लोक विसरतात आणि मग इंजिन गुदमरते, काळा धूर येतो आणि दोष गाडीला लागतो.

घाटमाथा यांच्या अनुभवात मी एक भर घालतो. एमजीबी घेताना ती १९६८ ची किंवा त्यानंतरची आहे का, ते विचारावे. त्याआधीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, म्हणजे आजचा मोबाईल चार्जर त्यात खुपसणे धोक्याचे. १९६७ च्या अखेरीस या दोन्ही गोष्टी बदलल्या. दुसऱ्या बाजूला, १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या नियमांसाठी गाडीला काळे रबरी बंपर बसवले आणि तिची उंचीही वाढवली. त्यामुळे ती दिसायला आणि वळायला दोन्हींत उतरली. मधल्या सहा-सात वर्षांतली क्रोमच्या बंपरची आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन संथ ठेवणारा जादा गिअर) असलेली गाडी मिळाली, तर नवख्या माणसाला तीच घ्यावी असे मी सांगेन. ओव्हरड्राइव्ह नसेल तर मोटरवेवर इंजिन इतके ओरडते, की नवरा-बायकोत त्या दिवशी भांडण होऊ शकत नाही.

मधुमालती

गाडी कोणती हे ठरवण्याआधी कागदपत्रे पाहावीत, असे मी सुचवेन, कारण आमचा असाच एक बेत त्यावरच फसला होता.

पहिली गोष्ट म्हणजे विमा. भाड्याने देणारे बहुतेक लोक पंचविशीच्या किंवा तिशीच्या आतल्या आणि सत्तरीच्या पुढच्या चालकांना गाडी देत नाहीत आणि परवान्यावर दंडाचे गुण असतील तर वेगळा विचार करतात. अपघात झाल्यास पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाणार, हे लेखी घ्यावे. ती रक्कम बहुधा अनामतीइतकी असते. मैलांची मर्यादाही विचारावी, कारण पुढच्या प्रत्येक मैलाला वेगळे पैसे पडतात.

दुसरी गोष्ट, चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. कायद्याने सक्ती नसली तरी जो मालक गाडी भाड्याने देतो त्याने ती तपासून घेतली आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि कागद पाहावा. जो याचे उत्तर द्यायला आढेवेढे घेतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

तिसरी गोष्ट तुमच्या गुपिताची आहे. ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्या परवान्याची माहिती तपासण्यासाठी शासनाच्या संकेतस्थळावरून एक सांकेतिक क्रमांक काढून द्यावा लागतो आणि तो २१ दिवसच चालतो. तो ज्याचा परवाना त्यानेच काढायचा असतो, म्हणजे यजमानांना काहीतरी निमित्त सांगावे लागेल.

आणि चौथी, जी विचारायला नको वाटते : त्यांचा इथला परवाना मॅन्युअलचा आहे ना? ऑटोमॅटिकच्या परवान्यावर इथे हाताने गिअर बदलायची गाडी चालवता येत नाही.

रेडिंगवासिनी

मधुमालतीताई, तुमचा चौथा प्रश्न वाचून मी खाली जाऊन त्याचे पाकीट उघडले. परवाना ऑटोमॅटिकचा आहे. सांगलीत तो बाबांची गाडी चालवतच मोठा झाला, परंतु इथे आल्यावर पहिल्या वर्षानंतर भारतीय परवाना चालत नाही हे कळले, तेव्हा नोकरीसाठी घाई होती. म्हणून पुढची परीक्षा जी लवकर होईल ती, असे करून त्याने ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली होती. हे मी विसरूनच गेले होते.

तिसरा_गिअर

माझे सदस्यनाम या धाग्यावर आता दुःखद वाटू लागले आहे.

कोव्हेंट्रीकर

इतक्यात निराश होऊ नये. १९६६ मध्ये ई-टाइपची मागे दोन छोटी आसने असलेली थोडी लांब आवृत्ती निघाली आणि तिच्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पर्याय होता. भाड्याच्या बाजारात ती क्वचित दिसते, पण दिसते. शिवाय १९६३ ते १९७१ या काळातल्या ‘पगोडा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्सिडीझ एसएल गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक बऱ्याच सापडतात आणि चालवायला त्या यांपैकी सर्वांत सोप्या आहेत.

मात्र लांब ई-टाइपविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर तिचे छत उंच आहे आणि समोरची काच अधिक उभी आहे. कपाटाच्या दारावरची ती गाडी नव्हे, हे जाणकार नवऱ्याच्या पहिल्या नजरेत येईल.

मधुमालती

रेडिंगवासिनी, तुमचा स्वतःचा परवाना कोणता?

रेडिंगवासिनी

माझा मॅन्युअलचा आहे. अकरा वर्षांपूर्वी काढला आणि त्यानंतर घरात ऑटोमॅटिकच आल्यामुळे क्लचवर पाय ठेवलेला नाही.

मधुमालती

मग प्रश्न सुटला. तुम्ही चालवा. सांकेतिक क्रमांक तुमचाच लागेल, त्यामुळे गुपितही राहील आणि वाढदिवसाच्या मुलाला दोन्ही दिवस दुपारच्या जेवणाबरोबर हवे ते पिता येईल.

घाटमाथा

या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मात्र अकरा वर्षांनंतर थेट ई-टाइपवर बसू नका. जवळच्या प्रशिक्षकाकडे मॅन्युअल गाडीवर दोन-तीन तासांची उजळणी करा आणि त्यात चढावर हँडब्रेक लावून गाडी सोडण्याचा सराव मुद्दाम मागून घ्या. आजच्या गाड्या चढावर आपल्याला क्षणभर धरून ठेवतात, जुनी गाडी असा कोणताही आधार देत नाही. हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवयही मोडून या, कारण जळालेल्या क्लचचा वास आणि त्याचे बिल दोन्ही लक्षात राहणारे असतात.

निळी_छत्री

आता तर मी अधिकच जोराने म्हणेन की ई-टाइप नको. चालवणाऱ्याला भीती वाटत असेल तर शेजारच्याला कसली मजा येणार? माझ्या पहिल्या मतात एवढी दुरुस्ती करतो की एमएक्स-५ नसेल तर एमजीबी चालेल.

पर्वतीचा_पायथा

मी पुण्यात असतो आणि गेले दोन दिवस हा धागा वाचताना एकच विचार मनात येतो आहे. मुंबईत आणि पुण्यात जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात, इतक्या सुंदर गाड्या इथे जपलेल्या आहेत. मग महाबळेश्वरला जाण्यासाठी दोन दिवस अशी गाडी भाड्याने का मिळू नये?

थेम्सकाठ

याचे कारण नियमात आहे. आपल्याकडे खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांची पाटी काळी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरे असतात. त्यात जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु अशा गाड्या नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्याच कारणांसाठी त्यांना मुभा आहे. त्यामुळे मालकाची इच्छा असली तरी पुरातन म्हणून नोंदलेली गाडी तो तुम्हाला महाबळेश्वरला देऊ शकत नाही.

पर्वतीचा_पायथा

धन्यवाद, हे माहीत नव्हते. थोडे अवांतर लिहितो, पण विषयाला सोडून नाही. आमच्या वडिलांकडे १९६८ ची स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला तयार होणारी ही गाडी म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिचे बॉनेट मागून उचलायचे आणि मडगार्डांसकट सगळा पुढचा भाग मगरीच्या जबड्यासारखा पुढे उलटायचा. मग माणूस चक्क पुढच्या चाकावर बसून इंजिनाचे काम करू शकत असे. आम्ही भावंडे तिथे बसून डबा खात असू. फार नंतर मला कळले की ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून त्यावर बांधलेली होती आणि दोन्हींचे रूप एकाच इटालियन कारागिराने, जोव्हानी मिकेलोत्ती यांनी, ठरवले होते. म्हणजे आमच्या नारायण पेठेतल्या बोळात एका स्पोर्ट्स कारची थोरली बहीण उभी असे आणि आम्ही तिला ‘आपली हेराल्ड’ म्हणून तुच्छतेने ढकलत असू. ढकलावीही वारंवार लागे, ते निराळे.

तेव्हा भाड्याच्या यादीत स्पिटफायर दिसली, तर तिचाही विचार व्हावा. ती एमजीबीपेक्षा लहान आणि हलकी असल्याने नवख्या चालकाला सोपी जाईल.

कोव्हेंट्रीकर

स्पिटफायर गोड गाडी आहे, यात शंका नाही, पण पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसाला तिच्यात गुडघे कुठे ठेवावेत हा प्रश्न पडतो. यजमानांची उंची किती?

रेडिंगवासिनी

सहा फूट एक इंच.

कोव्हेंट्रीकर

मग एमजीबी. विषय संपला.

सायंतारा

आमची मुलगी सात वर्षांची आहे. एमजीबीचीच बंद छताची जीटी आवृत्ती असते, असे वाचले. तिच्या मागच्या आसनावर मुलीला नेता येईल का?

मधुमालती

जीटी १९६५ मध्ये निघाली आणि तिला मागे एक चिमुकला बाक आहे. तुम्ही घेत असलेल्या विशिष्ट गाडीत मागे पट्टे आहेत का, आणि त्यावर मुलांचे आसन बसते का, हे मालकाला विचारा. जी गाडी मुळातच पट्ट्यांशिवाय बनली आहे, तिच्यात तीन वर्षांखालच्या मुलांना नेता येत नाही आणि त्याहून मोठ्या मुलांना फक्त मागे बसवता येते, म्हणजे दोन आसनांच्या अशा गाडीत मुलांना जागा नाहीच. कायदा काहीही म्हणो, माझ्या मुलीला मी पट्ट्याशिवाय बसवणार नाही.

थेम्सकाठ

रस्त्यांचा मूळ प्रश्न मागेच पडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कॉट्सवोल्ड्स म्हटले की सगळे बिबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर गाठतात आणि उन्हाच्या शनिवारी बसगाड्यांच्या रांगेत क्लच दाबून बसतात. जुन्या गाडीला आणि नव्या चालकाला याहून वाईट जागा नाही. ती दोन गावे सरळ वगळावीत.

सकाळी ब्रॉडवेहून सुरुवात करा. तिथून ए४४ रस्ता फिश हिलच्या वळणांनी डोंगराच्या कडेवर चढतो आणि वर ब्रॉडवे टॉवर आहे. गाडी तापायला आणि हात बसायला हा चढ पुरेसा आहे. पुढे मॉर्टन-इन-मार्श आणि तिथून ए४२९ ने स्टो. हा रस्ता रोमनांच्या फॉस वे या जुन्या मार्गावरून जातो, त्यामुळे सरळसोट आहे आणि तिथे ओव्हरड्राइव्ह वापरून पाहता येईल. स्टोहून बी४०७७ ने पश्चिमेला वळा. फोर्ड, स्टॅनवे आणि टॉडिंग्टन असा हा रस्ता या भागातला माझा सर्वांत आवडता आहे, कारण माळावरून जाताना वळणे मोकळी आणि दूरवर दिसणारी आहेत, आणि स्टॅनवेचा उतार उतरताना समोर सगळे खोरे उलगडते. त्या उतारावर मात्र दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून इंजिनालाच गाडी धरू द्या, ब्रेक तापवू नका. घाटातून एसटी उतरताना पाहिली असेल तर हे वेगळे सांगायला नको. टॉडिंग्टनला वाफेच्या इंजिनाच्या रेल्वेचे स्थानक आहे, तिथे चहा मिळतो. तेथून ब्रॉडवे पाच-सहा मैलांवर.

सगळे मिळून चाळीस मैलांच्या आत होते. एवढेच का, असे नकाशा पाहून वाटेल, परंतु जुन्या गाडीत दिवसाला ६०-७० मैल भरपूर होतात. त्याहून अधिक आखले की ती सहल राहत नाही, प्रवास होतो.

आणि पेट्रोल भरताना हिरव्या नळीवरचा आकडा वाचा. सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले आहे आणि ते जुन्या रबरी नळ्या खाते. जुन्या गाडीला ‘ई५’ लिहिलेले महाग पेट्रोलच घालावे लागते.

घाटमाथा

सामानाविषयी एक राहिले. एमजीबीच्या डिकीत स्टेपनी आडवी पडलेली असते, त्यामुळे चाकांची कडक बॅग तिच्यात बसत नाही. मऊ कापडी पिशव्या न्या. आणि गाडी ताब्यात घेताना मालकाच्या समोर टप एकदा स्वतःच्या हातांनी चढवून पाहा. आम्ही ‘कळले, कळले’ म्हणून मान डोलावली आणि पावसात बावीस बटणे शोधत बसलो.

निळी_छत्री

एमएक्स-५ ला ती बटणे नाहीत, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

रेडिंगवासिनी

सर्वांचे मनापासून आभार. १९७१ ची, क्रोमच्या बंपरची, ओव्हरड्राइव्ह असलेली एमजीबी ठरवली आहे. एमओटीचा कागद मालकाने विचारण्याआधीच पाठवला. प्रशिक्षकाकडे तीन तासांची उजळणी सुरू केली असून, नवऱ्याला मी योगासनांच्या वर्गाला जाते असे सांगितले आहे. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पाडली.

उरलेल्या पैशांतून, गाडी ताब्यात घेण्याआधी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये दोन तास थांबायचे ठरवले आहे, कारण जॅग्वारच्या वारसा-संग्रहातील गाड्या तिथे आहेत असे कळले. आल्यावर लिहीन.

कोव्हेंट्रीकर

उत्तम. गेडन एम४० च्या अगदी लगत आहे आणि ब्रॉडवे तिथून तासाभराच्या आत.

रेडिंगवासिनी

परवा रात्री परतलो. शनिवारी पाऊस नव्हता, रविवारी दुपारनंतर होता. टप मी चार मिनिटांत चढवला, कारण शुक्रवारी संध्याकाळी मालकाची चित्रफीत तीनदा पाहिली होती. डाव्या बाजूने पाणी आत येत होते, ते येणारच असे मालकाने आधीच सांगितले होते आणि त्यासाठी एक जुना टॉवेलही दिला होता.

गेडनला ई-टाइपसमोर नवरा बराच वेळ उभा राहिला. मला वाटले होते की तो खूप बोलेल, पण त्याने फक्त वाकून आतले काटे आणि कळा मोजल्या आणि चित्रात दाराजवळ एक ठिपका होता तो छपाईचा दोष होता, एवढेच म्हणाला. त्यानंतर एमजीबीच्या मालकाच्या अंगणात मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले, तेव्हा त्याने मालकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ‘योगासने?’ असे विचारले.

बी४०७७ विषयी थेम्सकाठ यांनी लिहिले ते शब्दशः खरे आहे. आम्ही तो रस्ता रविवारी सकाळी पुन्हा उलट दिशेने केला, पावसाच्या आधी. गाडी दोन दिवसांत सहा वेळा बंद पडली आणि सहाही वेळा दोष माझ्या डाव्या पायाचा होता. इंधनाचा पंप शेवटपर्यंत टिकटिकत होता. दोन दिवसांत ११० मैल झाले. नवऱ्याने आता मॅन्युअलच्या परीक्षेसाठी नाव नोंदवले आहे आणि पुढच्या वर्षी कोण चालवणार यावर आमच्यात मतभेद आहेत.

घाटमाथा

पंप बदललेला दिसतो. आमच्या मालकाला हा धागा पाठवायला हवा.

तिसरा_गिअर

सगळे कळले, पण माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर राहिले.

रेडिंगवासिनी

गाडीची कंबर उत्तम आहे. त्याची सोमवारी दुपारी सरळ झाली.